दादांच्या खांद्यावर बंदूक

मस्तगडच्या चौकात कौसल्याबाईंनी रिक्षातून एक पाय खाली ठेवला आणि दुसरा आतच राहिला, कारण समोर त्यांचे वडील उभे होते. दुमजली घराएवढे. कालपर्यंत तिथं कुठल्याशा क्लासची जाहिरात होती, आज तिथं दादा होते. तेच बारीक डोळे, तेच कानांच्या वर ताठ उभे राहिलेले केस, तीच गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली खादीची बंडी. गालांना मात्र कुणीतरी गुलाबी रंग दिला होता, मिशीला टोकं काढली होती, पाठीमागं ज्वाळा पेटवल्या होत्या आणि खांद्यावर बंदूक दिली होती. वर ‘क्रांतिवीर रामप्रसाद’, खाली ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त विनम्र अभिवादन’, आणि त्याच्याही खाली हात जोडून हसणारा मच्छिंद्र, त्यांच्या भावाचा मुलगा. मागून हॉर्न वाजला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, उतरा जल्दी, मागच्या गाड्या थांबून राह्यल्या." त्या उतरल्या, पैसे दिले, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडायचं सोडून तिथंच उभ्या राहिल्या. कारखान्यांकडून येणारी करडी धूळ सकाळच्या उन्हात तरंगत होती, तोंडात लोखंडासारखी चव आली होती. कॉलेजची दोन पोरं त्या बंदुकीखाली उभी राहून मोबाईलवर स्वतःचे फोटो घेत होती. एकानं दादांसारखाच खांदा तिरका केला होता.

राग आला, पण तो ओळखीचा राग नव्हता, आणि त्यामुळे त्या गांगरल्या. दादांवरचा राग त्यांना पाठ होता. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मुलांना शिकवताना, निवृत्तीनंतर मस्तगडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत एकटीपुरता चहा करताना, तो त्यांच्यासोबत उठत-बसत आला होता. कुणाला सांगायची गरज न पडणारा, आतल्या आत नीट घडी घालून ठेवलेला राग. तो एका निःशस्त्र माणसावरचा होता. ज्यानं जन्मात कुणावर हात उगारला नाही, पोरांना चापट मारली नाही, बैलाला आसूड लावला नाही, अशा माणसावरचा. आणि आता कुणीतरी त्या माणसाला उचलून नेऊन त्याच्या जागी हा दुसराच, टोकदार मिशांचा, उभा केला होता. याच्याविरुद्ध त्यांची काही तक्रार नव्हती. याच्या हातून त्यांचं काही बिघडलंच नव्हतं.

फोटो त्यांनीच दिला होता, उन्हाळ्यात. मच्छिंद्र आंब्याची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, आजोबांचा एखादा जुना फोटो आसंल तर द्या, घरी लावायचा हाये. मूळ फोटोत दोघं होते. अठ्ठेचाळीस साली हर्सूलच्या तुरुंगातून सुटल्यावर जालन्यात एका स्टुडिओत काढलेला फोटो. डावीकडं दादा, उजवीकडं कडूबा, आणि मधे झेंड्याची काठी, दोघांनी मिळून धरलेली. कडूबा त्यांच्याच गावचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. पुढं छप्पन्न साली सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनीही घेतली. चौकातल्या बोर्डावर कडूबा नव्हते. त्यांना खांद्यापासून कापून टाकलं होतं, झेंडा पुसला होता आणि उरलेल्या काठीची बंदूक केली होती. पण कापणाऱ्याचा हात कुठंतरी कंटाळला असावा. नळीच्या खालच्या अंगाला दोन बोटं राहून गेली होती. वाकडी, मोडून कशीबशी जुळलेली, कुणाचीच नसलेली. कौसल्याबाईंना ती बोटं लहानपणापासून माहीत होती. त्या बोटांनी कडूबा त्यांना बोरं सोलून द्यायचे, म्हणजे सोलायचा नुसता बहाणा करायचे आणि छोटी कौसल्या हसली की बोर आख्खं तिच्या तोंडात घालायचे.

दुपारी मच्छिंद्र स्वतःच आला. पांढरे कडक कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. नव्यानं झालेल्या महानगरपालिकेच्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं होतं, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. "आत्या, बोर्ड पाह्यला का? कसा झाला?" त्यानं खुर्ची ओढत विचारलं.

"दादांनी बंदूक कधी धरली न्हाई."

"म्हाईत हाये मला."

"मंग?"

"मंग काय. नुसता एक माणूस काठी धरून उभा हाये म्हटल्यावर कोण थांबलं अस्तं चौकात? सकाळपासून पोरं त्याच्यासंगं फोटो काढून राह्यलेत."

"ती काठी न्हाई. झेंडा होता."

"झेंडा तर सगळेच धरतात, आत्या," तो समजुतीनं म्हणाला, आजारी माणसाशी बोलावं तसं.

"आन् कडूबा? ते कुठं गेले?"

मच्छिंद्रनं पुड्याचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. "बसत नव्हते त्याच्यात," तो म्हणाला. आणि त्यांनी नजर हलवली नाही तेव्हा म्हणाला, "आपल्या वॉर्डाचं गणित तुम्हाला सांगायला पाह्यजे का? दोघं ठेवले तर आपले म्हणतेत हा तिकडचा झाला, आन् तिकडचे म्हणतेत हा आमचा माणूस वापरून राह्यला. एकटे आजोबा बिलकुल बराबर हायेत." मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. सतरा तारखेला सकाळी त्याच बोर्डासमोर झेंडावंदन, साहेब येणार, आणि स्वातंत्र्यसैनिकाची मुलगी म्हणून आत्याचा सत्कार. गाडी पाठवतो. शाल कुठल्या रंगाची आणू?

"बोर्ड उतरव," त्या म्हणाल्या.

तो हसला आणि मग हसणं थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांनी त्याच्या लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला एकाएकी आजोबांचा पुळका कसा काय आला? बाबा सांगायचे, दादांच्या तेराव्याला आख्खं गाव जेवलं आन् कौसल्या शाळेत शिकवायला गेल्ती. सख्ख्या बापाचं नाव तुम्ही काढत नव्हत्या. आता मी काढून राह्यलो तर तुमच्या पोटात दुखतंय." पुडा टेबलावर ठेवून तो गेला. जिन्यावरून त्याचा फोनवरचा आवाज ऐकू येत राहिला, गोड, ठणठणीत, दुसऱ्याच कुणाशी बोलणारा.

तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच त्या दुपारभर खुर्चीवरून उठल्या नाहीत. मंठ्याच्या बाजाराची हकीकत दादांनी कधी सांगितली नव्हती. सांगायचे ते कडूबा, ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून. वर या म्हटलं तरी ते वर यायचे नाहीत, मग दादाच उतरून त्यांच्या शेजारी पायरीवर बसायचे. सत्तेचाळीसचा पावसाळा. तिकडं देश सुटला होता आणि इकडं निजामाचं राज्य तसंच होतं, तिरंगा लावणं हा गुन्हा होता. दादांनी आसपासच्या गावांतून माणसं जमवली आणि बाजारच्या दिवशी मंठ्यात झेंडा लावायचं ठरवलं. गावाच्या अलीकडं एका लिंबाखाली त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि हातातलं सगळं खाली ठेवायला लावलं. काठ्या, विळे, कुऱ्हाडी, एकाच्या चंचीतला अडकित्तासुद्धा. माणसं चिडली. रझाकारांपाशी बंदुका आन् आमच्यापाशी अडकित्ता बी न्हाई, असं कुणी म्हणालं. दादा म्हणाले, ज्याला हात उचलावा वाटंल त्यानं हितूनच घरी जावं, मी त्याला भित्रा म्हणणार न्हाई. काही गेले. राहिले ते बाजारात शिरले, आणि लाठ्या पडायला लागल्या तेव्हा हात छातीशी बांधून खाली बसले. झेंडा कडूबांच्या हातात होता. बोटं मोडेपर्यंत मारलं तरी काठी सुटली नाही, तेव्हा दादा त्यांच्या अंगावर आडवे झाले. आणि मग, इथं कडूबांचा आवाज दरवेळी खाली यायचा, भाजीवाल्या बाया बसल्या. बांगड्यांचा कासार बसला. मीठवाला बसला, बैल विकायला आलेले बसले, कुणी न सांगता. मारणाऱ्यांना कळंना आता कुणाकुणाला मारायचं. "तुह्या बापानं त्या दिवशी आख्खा बाजार बसवला, पोरी," कडूबा म्हणायचे. दादा मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "मी लई घाबरलो होतो."

पुढं पोलीस ॲक्शन झालं, निजामी गेली, आणि गावातली माणसं सूड घ्यायला निघाली. तेव्हा हाच माणूस गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या उंबऱ्यावर आडवा पडला. आतमधे पिंजारी, त्याची बायको, पोरं. बाहेर दादांचीच भावकी, हातात पेटते टेंभे. आधी माह्यावर पाय द्या, दादा म्हणाले. कुणी दिला नाही. पिंजाऱ्याची नातवंडं अजून गावात गाद्या शिवतात. हे खरं होतं, आणि कौसल्याबाईंच्या सगळ्या आयुष्यात हेच आडवं आलं होतं. दादा ढोंगी असते तर किती सोपं झालं असतं. त्यांना शिव्या देता आल्या असत्या, विसरता आलं असतं. पण ज्या हत्यारानं त्या माणसानं बाजार बसवला, पिंजाऱ्याचं घर राखलं, तेच हत्यार त्यानं घरात आणून पोटच्या मुलीवर चालवलं, आणि चालवताना तो कचरला नाही.

पंच्याहत्तर साल असावं. कडूबांचा मुलगा संघपाल आणि कौसल्या एकाच शाळेत शिकवत होते. गावात एकमेकांकडं न बघता वाढलेली दोघं शाळेच्या ऑफिसात एकाच फडताळातले खडू घेताना एकमेकांकडं बघायला लागली. रजिस्टर लग्न करायचं ठरलं. तिनं सरळ दादांना सांगितलं, कारण त्या घरात खरं सांगायची शिस्त होती. दादा खूप वेळ सूत काढत राहिले. मग म्हणाले, "पोरगा चांगला हाये. कडूबाचा पोरगा म्हणजे माह्या घरचाच."

"मंग?"

"गाव त्यांची वस्ती ठेवणार न्हाई, कौसल्या. पेटवून देतील. मी एकटा कुठं कुठं आडवा पडू?"

"मंग गावापुढं उपास करा. त्यांना सांगा."

"ते माह्यासाठी थांबणार न्हाईत," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, उलट मायाच होती, आणि पुढं कितीतरी वर्षं तिला झोपेत तो आवाज तसाच्या तसा ऐकू यायचा. "तू थांबशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेवले नाहीत. संध्याकाळी जेवले नाहीत. ओसरीवर पांढरी सतरंजी घालून बसले, आणि त्यांच्या टकळीचा बारीक, भुंग्यासारखा आवाज घरभर फिरायला लागला. आईनं चूल पेटवली नाही. थंड चुलीला राखेचा एक ओला वास असतो, तो अजून कुठंही आला की कौसल्याबाई तिथून उठून जात. माणसं यायची, पाया पडायची आणि जाताना तिच्याकडं बघायची, हातात सुरी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडं बघावं तसं. मारलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. कोंडून घातलं असतं, पाय तोडीन म्हणाले असते, तर तिला खिडकीतून पळून जाता आलं असतं. पळणाऱ्या मुलीच्या बाजूनं निदान तिचं स्वतःचं मन तरी उभं राहतं. इथं दार सताड उघडं होतं, आणि दारात एक माणूस तिच्यासाठी वाळत बसला होता. दादांचे ओठ फाटले, डोळे आत गेले, तिच्याकडं पाहिलं की ते हसायचे. मंठ्याहून डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. मग कडूबा आले. नेहमीच्या पायरीवर बसले. त्यांनी आपली वाकडी बोटं तिच्यापुढं जोडली. "पोरी, माह्यासाठी म्हणून. जेवू दे त्याला." त्याच दुपारी तिच्या आईनं, सोनूबाईनं, मुलीच्या पायावर डोकं ठेवलं. आईचं कुंकू घामानं ओघळून तिच्या पायाच्या अंगठ्याला लागलं होतं. ती आत गेली, लिंबाचं सरबत केलं, ग्लास घेऊन ओसरीवर आली. दादा प्यायले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू जिंकलीस, बाई. स्वतःला जिंकलंस." माणसांनी डोळे पुसले. दादांनी तिला हरवलं ते हरवलंच. पण हरलेल्या माणसाकडं जो राग उरतो, तोही त्या हातानं काढून घेतला आणि त्याचं पुण्य करून टाकलं. ती बदली घेऊन गाव सोडून गेली. एक्याण्णव साली दादा वारले, तोवर त्यांच्याशी ती बोलायची, औषधाचं, पावसाचं, भावाच्या पोरांचं. लग्न केलं नाही. संघपालनं केलं.

सोळा तारखेला सकाळी त्या बदनापूरच्या बसमधे बसल्या तेव्हा आपण कशासाठी जातोय हे त्यांना नीट माहीत नव्हतं. कडूबांना त्या फोटोतून कापून टाकलंय हे त्यांच्या मुलाला सांगावं, त्यानं उद्या सोबत यावं, दोघांनी मिळून काही करावं, असं काहीतरी. संघपालसर स्टेशनच्या अलीकडं राहत होते. दार सत्यशीलाबाईंनी उघडलं, त्यांच्या बायकोनं. क्षणभर ओळख पटली नाही आणि पटली तेव्हा त्यांचा चेहरा सपाट झाला. "या, बाई," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणून ठेवलं, आणि मग आत न जाता दाराच्या चौकटीपाशीच उभ्या राहिल्या. संघपालसरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ते खुर्चीत ताठ बसले होते, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे.

कौसल्याबाईंनी सगळं सांगितलं. बोर्ड, बंदूक, राहून गेलेली बोटं. संपल्यावर संघपालसर म्हणाले, "मंग आता मी काय करू म्हणता?"

"उद्या तुम्ही आलात तर..."

"तुमच्या घरानं माह्या बापाला पुसलं, हे काय पहिल्यांदा हाये का? पहिल्यांदा पुसलं तवा तुम्ही हातात ग्लास घेऊन उभ्या होत्या. मी वस्तीतून आवाज ऐकला, लोक जय म्हणून राह्यल्ते."

"माझ्यापाशी दुसरं काय होतं?"

"ते मी इतकी वर्षं विचारलं न्हाई, आता बी विचारत न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माह्या बापाला तुमचा बाप देव वाटायचा. मरेपर्यंत. मला म्हणायचा, त्यानं आपली वस्ती वाचवली. मी म्हणायचो, बाबा, तो जेवला न्हाई म्हणून जिंकला. आपल्या वस्तीत न जेवणारे लई होते, ते कधी कुणाला जिंकले न्हाईत." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "उपास करायला घरात आधी धान्य लागतं, कौसल्याबाई. आन् कुणीतरी पाया पडायला यावं लागतं."

चौकटीतून सत्यशीलाबाई म्हणाल्या, "चहा ठेवू का?" त्यांच्या आवाजात नको हे उत्तर आधीच होतं. कौसल्याबाई उठल्या. फाटकापर्यंत पोचवायला संघपालसर आले नाहीत. बसमधे शेजारी एक बाई पोराला मोसंबी सोलून देत होती आणि तिच्या सालीचा कडवट वास सगळ्या प्रवासभर येत राहिला. त्यांना रडू आलं नाही. उलट एक कोरडी, जवळजवळ सुखाची गोष्ट जाणवत होती, की या पृथ्वीवर आणखी एक माणूस आहे ज्याचा दादांवर राग आहे, आणि त्यानं तो कुणाला काढून घेऊ दिलेला नाही.

सतरा तारखेला त्या उठल्या, अंघोळ केली, आणि खिडकीशी उभ्या राहिल्यावर लक्षात आलं की आपण चहा ठेवलेला नाही. भूकही नव्हती. पोट हलकं, रिकामं, कसं स्वच्छ वाटत होतं, आणि डोक्यात कुणाचा तरी शांत चेहरा तयार होत होता, फाटलेल्या ओठांचा, हसरा, सगळ्यांना क्षमा करणारा. शरीरानं त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं. मच्छिंद्र येईल, म्हणेल आत्या दोन घास खा, आणि आपण मान हलवू. गल्लीतल्या बाया येतील. त्याची बायको रडेल. त्या चित्रात एक गोडी होती, आणि ती गोडी जिभेवर कळताच कौसल्याबाई घाबरल्या, एवढ्या की त्यांनी ओट्याची कड धरली. दादांनाही ती गोडी कळली असेल का? त्या ओसरीवर? मग त्यांनी परातीत बाजरीचं पीठ घेतलं, दोन भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी काढली, कांदा चिरला, सगळं फडक्यात बांधलं आणि चौकात गेल्या.

स्टेज तयार होतं. खुर्च्यांवर पांढरे अभ्रे, भोंग्यावर देशभक्तीची गाणी. त्या स्टेजच्या पायऱ्यांपुढं, बोर्डाच्या बरोबर खाली, डांबरावर बसल्या. मांडी घालून बसायला गुडघा तयार नव्हता, म्हणून एक पाय लांब केला. पहिल्यांदा लोकांना वाटलं, चक्कर आली. एकानं पाणी आणलं. मच्छिंद्र धावत आला. "आत्या, वर खुर्ची ठेवलीये तुमची."

"हितंच बसते. तो बोर्ड उतरला की उठते."

"म्हणजे आता उपास का?" तो दात आवळून, पण ओठांवर हसू ठेवून म्हणाला, कारण माणसं बघत होती.

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि फडकं सोडलं. "मी जेवून बसणार हाये."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. चटणी तिखट झाली होती. डांबर तापायला लागलं होतं, वर दादांची बंदूक वाऱ्यानं फुगत होती आणि पुन्हा आत बसत होती. कुणीही त्यांच्याशेजारी बसलं नाही. चहावाला वैतागला, गिऱ्हाइकांची वाट अडली म्हणून. एक पोरगा मोबाईल समोर धरून चित्रण करत होता. मच्छिंद्रचा कुणी कार्यकर्ता मोठ्यानं म्हणाला, म्हातारी येडी झाली, उचलून घ्या तिला. पोलीसबाई आली, वाकून म्हणाली, आज्जी, बंदोबस्त हाये, उठा, मला उचलायला लावू नका. "उचल," कौसल्याबाई म्हणाल्या, "पण बाई, मी पुन्हा येऊन हितंच बसणार." ती तरुण मुलगी त्यांच्या लांब केलेल्या पायाकडं, ताटाशिवाय मांडलेल्या त्या भाकरीकडं बघत राहिली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांना दरदरून घाम फुटला होता. घास गिळवत नव्हता, तरी त्या एकेक घास चावत राहिल्या, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा. स्वतःच्याच जबड्याचा आवाज त्यांना भोंग्यापेक्षा मोठा ऐकू येत होता.

पहिली भाकरी संपत आली तेव्हा मच्छिंद्रचा फोन वाजला. साहेबांच्या गाड्या बायपासला आल्या होत्या. त्यानं चित्रण करणाऱ्या पोराकडं पाहिलं, त्याच्यामागं मोबाईल काढणाऱ्या आणखी दोघांकडं पाहिलं, खाली बसलेल्या आत्याकडं पाहिलं. मग वळून तो कुणावर तरी ओरडला. दोघं जण लोखंडी सांगाड्यावर चढले, दोऱ्या कापल्या. एक कोपरा सुटला, दादांचा अर्धा चेहरा दुमडला, मग सगळंच सळसळत खाली आलं आणि रस्त्यावर त्याचा ढीग झाला. पोरांनी तो गुंडाळून स्टेजखाली ढकलला. वर नुसत्या सळया राहिल्या.

मच्छिंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याचं डोकं एवढं जवळ आलं की केसांना लावलेल्या तेलाचा वास आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "झालं समाधान?" तो हळू म्हणाला. "सगळ्या गावात माही इज्जत काढली. तुमच्या दारात आता पुन्हा पाय ठेवणार न्हाई मी."

"नको ठेवू."

"आन् वर जाऊन काय बोलू? माही चूक झाली म्हणू?"

त्यांचा हात मांडीवर होता. तो उचलून त्या डोक्यावर ठेवणं अगदी सोपं होतं. लोकांनाही तेच हवं होतं, आसपासच्या माणसांचे चेहरे आधीच मऊ व्हायला लागले होते, मोबाईल जवळ आले होते. त्यांनी तो हात दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"काही म्हणू नको," त्या म्हणाल्या. "तुला पटलं न्हाई, मला म्हाईत हाये. तुह्यावर जोर केला मी. तू हरलास, एवढंच झालं, त्याला दुसरं नाव देऊ नको. राग धर माह्यावर. जन्मभर धर. तो मी काढून घेणार न्हाई तुह्याकडून."

त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. तो उठला, रुमालानं तोंड पुसलं, हसू लावलं आणि पुढं धावला. कौसल्याबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि स्टेजचा पाइप धरून उठायला लागल्या. एकदा जमलं नाही. कुणी हात दिला नाही. दुसऱ्यांदा उठल्या तेव्हा वर झेंडा सुटला होता आणि राष्ट्रगीत सुरू झालं होतं, म्हणून त्या रस्त्यातच, होत्या तिथं, सरळ उभ्या राहिल्या. समोर स्टेजवर मच्छिंद्र उभा होता, ताठ, हात शरीराला चिकटवून. राष्ट्रगीत संपेपर्यंत तो झेंड्याकडं बघत नव्हता. तो त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी नजर खाली घेतली नाही.